सोमवारचे मासे

खडकओहोळ, ता. खेड
१२ जानेवारी २०२३

प्रिय अजिम,

पत्र पाहून हसू नकोस. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत आणि कानाचं यंत्र लावलं की सगळं जगच प्रेसशॉप होतं. तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या त्या शॉपमध्ये काढली. निवृत्तीला कंपनीने घड्याळ दिलं आणि कान ठेवून घेतले. तेव्हा लिहिणंच बरं.

रहमतबींचे गुडघे कसे आहेत? तुझ्या महेकची बारावी यंदाच ना? सोजर परवाच आठवण काढत होती. उदगीरहून तुम्ही भोसरीला आमच्या खोलीत राहायला आलात, त्या दिवशी रहमतबींनी आधी स्टोव्ह मांडला आणि मग सामान सोडलं. चार घरांनी नाही म्हटल्यावर तुम्ही आमच्या दारात आला होता, हे मला पुढे महिन्याभराने कळलं.

आता कामाचं. तुमच्या कंपनीचे जयदीप साहेब मागच्या आठवड्यात आमच्या गावी आले होते. चाकणच्या कारखान्यात प्लेटिंगची, म्हणजे धातूचा मुलामा देण्याची, आणखी एक लाइन टाकायची आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा. त्याबदली कारखान्यात शुद्ध केलेलं पाणी पाइपने आणून आमच्या पाझर तलावात बारा महिने सोडणार. वर गावातल्या अकरा जणांना काम. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. पर्यावरणही राहील आणि विकासही होईल, असं म्हणाले. मला ऐकू आलं नाही, पण पडद्यावर लिहिलेलं होतं.

तलाव फेब्रुवारीतच कोरडा पडतो, हे खरं. पाणी मिळालं तर लोकांना दुसरं पीक निघेल. पण तलावाच्या खालीच माझी विहीर आहे. या विहिरीचं पाणी तुला सांगायला नको. बाकीच्या वस्त्यांवरच्या बायका इथून कळशी नेतात, कारण याच पाण्यात तुरीची डाळ शिजते. दर ईदला मी स्कूटरवर एक कॅन तुमच्याकडे आणायचो, रहमतबींच्या दालच्यासाठी.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. कंपनी आतून पाहिलेला म्हातारा मी एकटाच, म्हणून सगळे मला विचारतात. मी सांगून टाकलं की ते पाणी शुद्ध करणारा माणूस माझ्या घरातला आहे. तू लिहिशील ते मी सभेत जसंच्या तसं वाचणार. साहेब म्हणतील तसं नको, तू रोज पाहतोस तसं लिही.

तुझा,
दत्तोबाकाका


भोसरी
१९ जानेवारी २०२३

काका,

सलाम. पत्र अम्मीला वाचून दाखवलं. विहिरीचं नाव आलं तशी म्हणाली, “उस पानी में दाल मक्खन हो जाती थी.” गुडघे आहेत तसेच आहेत. महेकला बारावीनंतर फार्मसी करायची आहे. आलिया लेकीच्या फीसाठी शिवणाचं मशीन रात्रीही चालवते.

तुम्ही विचारलंत म्हणून कामाचं लिहितो. प्लेटिंगच्या टाक्यांमधून निघालेलं पाणी माझ्याकडे येतं. ते येतं तेव्हा पिवळं असतं. मी त्यात चुना टाकतो, तुरटी टाकतो, गाळ खाली बसवतो, गाळाच्या वड्या दाबून वेगळ्या काढतो. शेवटी पाणी वाळूतून आणि कोळशातून जातं. बाहेर पडतं तेव्हा काचेच्या पेल्यात धरलं तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं.

आणि बाहेर पडायच्या तोंडाशी काचेची एक टाकी आहे. शुद्ध झालेलं पाणी त्या टाकीतून जातं. तिच्यात नारंगी मासे असतात. पाहायला येणाऱ्यांना जयदीप साहेब आधी तिथेच नेतात. मासे बारा आहेत. मी स्वतः त्यांना खायला घालतो. आज सकाळी हे पत्र लिहायच्या आधी मोजले, बाराच्या बारा होते.

साहेबांनी मला मार्चपासून कायम करायचं कबूल केलं आहे. सोजरकाकींना सलाम.

अजिम


खडकओहोळ
२ फेब्रुवारी २०२३

प्रिय अजिम,

तुझं पत्र वाचलं. मी वाचताना मागचे लोक पुढे सरकून बसले, असं दिपालीने नंतर सांगितलं. सभेत ती माझ्या शेजारी पाटी घेऊन बसते आणि कोण काय म्हणतं ते लिहून देते. माझी मुलगी म्हणून सांगत नाही, पण तिच्याएवढं भरभर लिहिणारं तालुक्यात कोणी नसेल.

विरोध एकटीचा झाला. विजयश्रीचा. ती शेतकीची पदवी घेऊन आली आणि ओढ्याकाठी रोपवाटिका चालवते. तिने विचारलं, लॅबचा रिपोर्ट कुठे आहे? पाण्यात धातू किती, क्षार किती? सरपंच म्हणाले, रिपोर्ट साहेब देतील. ती म्हणाली, साहेबांचा नको, आपण काढलेला हवा. पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठलो. म्हटलं, “पोरी, कागदाला पोट नसतंय. मासा खोटं बोलत न्हाई.”

लोक हसले. दिपालीने पाटीवर लिहिलं, ‘टाळ्या’. विजयश्री खाली बसली. जाताना तिने पाटी मागून घेतली आणि लिहिलं, ‘काका, मासे तुम्ही पाहिलेत का?’ मी म्हटलं, माझ्या माणसाने पाहिलेत, म्हणजे मीच पाहिलेत.

ठराव पास झाला. दिपालीच्या नवऱ्याचं, गणराजचं नाव अकरा जणांत तिसरं आहे. त्याला तुझ्या हाताखाली घेता आलं तर बघ.

दत्तोबाकाका


भोसरी
२० एप्रिल २०२३

काका,

मार्चमध्ये कायम झालो. कागद हातात पडला तेव्हा अम्मीने तो पोळ्यांच्या डब्यावर ठेवून दुआ मागितली.

परवा ईद आहे. यंदा दालचा नळाच्या पाण्यातच करायचा, असं अम्मीने ठरवलंय. तुम्ही या उन्हात स्कूटर काढू नका.

एक गोष्ट उगाच सुचली म्हणून लिहितो. पाइपचं तोंड तलावात काढण्याऐवजी खाली ओढ्याकडे काढता येईल का? तलावाचं पाणी पाझरून विहिरींकडेच जाणार. शेताला ते ठीक आहे, पण प्यायची विहीर वेगळी असलेली बरी. पाण्याचं काम करणाऱ्या माणसाला अशा शंका येतातच. साहेबांना मी सुचवलं असं सांगू नका, त्यांना वाटेल मी माझं काम सोडून बोलतोय.

अजिम


खडकओहोळ
८ एप्रिल २०२४

प्रिय अजिम,

वर्षभर तुझं पत्र नाही. गणराज येता-जाता सांगतो की अजिमभाई मजेत आहेत, म्हणून काळजी केली नाही.

तलाव भरला. नोव्हेंबरपासून पाणी येतंय ते एक दिवस थांबलं नाही. या वर्षी लोकांनी कांद्यानंतर भुईमूग केला. एप्रिलमध्ये शिवार हिरवं दिसतंय, असं मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाइपच्या तोंडाशी बायकांनी नारळ फोडला. पाइप ओढ्याकडे काढायची तुझी सूचना मी माझी म्हणून मांडली होती. साहेब म्हणाले, पाझरलं तर उलट विहिरींनाच फायदा. आणि झालाही. माझ्या विहिरीचं पाणी चार हात वर आलंय. सोजरला आता वाकूनसुद्धा बघावं लागत नाही.

गावात कोणी काही म्हटलं की लोक अजून तुझ्या पत्राची आठवण काढतात. ‘बाराच्या बारा’ ही आता गावात म्हणच झाली आहे. कोणी सगळे पैसे परत केले की म्हणतात, बाराच्या बारा.

उद्या पाडवा आणि लागूनच तुमची ईद. गणराजबरोबर विहिरीच्या पाण्याचा कॅन पाठवतोय. मी स्वतः गाळून भरलाय. रहमतबींना सांग, डाळ मक्खन झाली पाहिजे.

दत्तोबाकाका


भोसरी
१५ एप्रिल २०२४

काका,

कॅन मिळाला. ईदला दालचा झाला. अम्मीने तुम्हा दोघांना दुआ दिली आहे. महेक आता फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे.

अजिम


खडकओहोळ
३ जून २०२४

प्रिय अजिम,

एका गोष्टीचा सल्ला हवा आहे, पण आधी घरचं सांगतो. घरात दीड महिना डाळीवरून भांडण चाललं होतं. डाळ शिजेना. सोजर आधी म्हणाली की दुकानदाराने जुनी डाळ दिली. दुसऱ्या दुकानातून आणली. मग म्हणाली, कुकरची रिंग गेली. रिंग बदलली. मग म्हणाली, आपलेच दात गेलेत. शेवटी दिपालीने खेडहून नळाचं पाणी आणून तीच डाळ लावली, ती तीन शिट्ट्यांत विरघळली. सोजर भांड्यात बघत बसली. तिच्या हाताची सालं निघताहेत, ते भांड्याच्या साबणाने असेल असं आम्हाला वाटत होतं.

वाफ्यांवर पांढरी साय धरते. भुईमूग हाताला हलका लागला, शेंगा पोचट. विजयश्रीची रोपं मुळापासून तपकिरी होऊन गेली. ती भांडायला आली नाही. नुसतं पाटीवर लिहिलं, ‘तुमचे मासे तलावात सोडून दाखवा, काका.’

म्हटलं, दाखवतो. चाकणच्या बाजारातून वीस आणले. तसेच नारंगी. सकाळी घाटाच्या पायरीवर बसून सोडले. संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो होतो. आधी ते छान खाली गेले. मग एकेक वर आला आणि तोंड उघडझाप करायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीसच्या वीस काठाला लागले.

मी घरात सांगितलं की मासे आणायची रीत मला माहीत नाही. माझं काहीतरी चुकलंय. आयुष्यात कधी मासा पाळला नाही, मी त्यांना पोळीचा चुरा टाकला होता. तुझे मासे दोन-तीन वर्षं जगतात. तू त्यांना काय खायला घालतोस? किती वेळा? सविस्तर लिही. मी पुन्हा वीस आणणार आहे.

दत्तोबाकाका


खडकओहोळ
११ जुलै २०२४

अजिम,

पत्र मिळालं का? मासे काय खातात, एवढंच कळव.

द.


भोसरी
२५ ऑगस्ट २०२४

काका,

तुमची दोन्ही पत्रं माझ्या डब्याच्या पिशवीत आहेत. रोज कामावर नेतो आणि परत आणतो. उत्तर तीनदा लिहून फाडलं.

तुमचं काही चुकलं नाही. पोळीच्या चुऱ्याने मासे मरत नाहीत.

माझे मासे दोन वर्षं जगत नाहीत. तीन दिवस जगतात, थंडीत चार. दर सोमवारी सकाळी कामावर जाताना मी भोसरीत रिझवानच्या दुकानातून बारा मासे घेतो. तो पक्ष्यांचे पिंजरे आणि रंगीत मासे विकतो. एकदा म्हणाला, “भाई, इतके मासे नेता, तुमच्या घरी मांजरांची शाळा हाय का?” पाहुणे येणार असले की गुरुवारी पुन्हा बारा. त्याचं बिल कंपनी ‘बागकाम’ म्हणून लावते.

तुम्हाला पत्र लिहिलं त्या दिवशी गुरुवार होता. सकाळी बारातले सात मेलेले होते. मी ते काढले, नवे आणून सोडले आणि मग मोजले. बाराच्या बारा होते. पत्रात एक शब्द खोटा नाही, असं मी स्वतःला दीड वर्ष सांगत आलो.

पाण्यातला जो धातू डोळ्यांना दिसत नाही तो उतरवायचं औषध टाकणारा पंप मी ते पत्र लिहिलं तेव्हाही बंद होता. दुरुस्तीचा अर्ज मी चार वेळा दिला. साहेब म्हणतात, नव्या लाइनबरोबर नवा पंप येईल. नवी लाइन आली, पाणी दुप्पट झालं, पंप आला नाही. चुना टाकला की पाण्याचा रंग जातो. बाकी काही जात नाही.

तुम्ही लिहिलं होतंत की जे लिहीन ते सभेत वाचाल. ‘घेऊ नका’ असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या टेबलावर असतं. मार्च दोन महिन्यांवर होता. महेकचं कॉलेज होतं. पण हेही पूर्ण खरं नाही. मला वाटलं होतं की गाव माझ्या पत्रावर थांबणार नाही, कोणीतरी रिपोर्ट मागेल. विजयश्रीने मागितला होता, हे तुमच्याच पत्रातून कळलं.

आणखी एक. ईदला गणराजने आणलेला कॅन मी मोरीत ओतला. अम्मीला सांगितलं, जिन्यात हातातून सुटला. ती म्हणाली, अल्लाची मर्जी. अजून कधीतरी विचारते की दत्तोबा नवा कॅन कधी देणार.

आता मासे आणायला मी जात नाही. मला वरच्या टाक्यांवर टाकलंय. सोमवारी रिझवानकडे गणराज जातो.

विहिरीचं पाणी पिऊ नका. काकींना हात घालू देऊ नका. हे पत्र वाचायचं तर वाचा, माझ्या नावासकट. माझी हरकत नाही.

अजिम


खडकओहोळ
९ मार्च २०२५

अजिम,

उत्तराला सहा महिने लागले. पहिले चार महिने मी तुझ्यावर रागावलो होतो, ते लिहून ठेवतो म्हणजे मनात राहायला नको. त्यानंतर राग धरायला जागाच उरली नाही.

आधी गणराजला विचारलं. तो जेवत होता. म्हणाला, “बाबा, मला वाटलं तुमाला म्हाईती हाय. सगळ्या कंपनीला म्हाईती हाय.” त्याने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी तुझं पत्र वाचलं. नाव तेवढं गाळलं. पहिलं पत्र वाचलं त्याच जागी उभं राहून, तसंच सावकाश, शेवटपर्यंत. मला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. वाचून झाल्यावर मान वर केली तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या अकरा घरांतलं कोणी उरलं नव्हतं. दिपाली बसून होती, पण तिची पाटी कोरी होती. विजयश्री बसली होती. तिला वाटत असेल की मी आता तिची माफी मागेन. मागितली. तिने मान हलवली आणि खुर्च्या गोळा करायला लागली.

जाताना सरपंचांनी पाटीवर लिहिलं, ‘झालं ते कळलं. आता प्यायचं काय ते बोला.’

बरोबरच होतं त्यांचं. डिसेंबरपर्यंत खालच्या पाचही विहिरी गेल्या होत्या. विजयश्रीने खटपट करून सरकारी खात्याला पाण्याचा नमुना घ्यायला लावला. नमुना घेणाऱ्यांनी प्रामाणिकपणे घेतला, मी समोर होतो. पण ते येणार हे आदल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक होतं आणि दोन दिवस पाइपातून बोअरचं पाणी येत होतं. तो नमुना पाइपच्या तोंडाशी घेतला. रिपोर्टात सगळं मर्यादेत निघालं. विहिरीचा नमुना घेतला नाही, कारण अर्जात विहीर लिहायची राहिली होती. आमचीच चूक. रोपवाटिका बंद करून विजयश्री आता मारुंजीला कुठल्याशा सोसायटीच्या बागा बघायला जाते.

जानेवारीपासून कंपनी प्यायच्या पाण्याचा टँकर पाठवते. दिवसाआड. चूक कबूल करून नाही, सामाजिक जबाबदारी म्हणून. टँकरवर तसं लिहिलंय. सोजर त्या पाण्यात डाळ लावते, शिजते. आमचं सगळं गाव आता त्या टँकरवर आहे.

पत्र लिहितोय ते यासाठी. बावीस मार्चला जलदिन आहे. तलाव पाहायला दिल्लीचे आणि बाहेरदेशचे पाहुणे येणार आहेत. कारखान्याचं पाणी पुन्हा वापरणारं आदर्श गाव म्हणून आमची निवड झाली आहे. जयदीप साहेबांनी सरपंचांना स्वच्छ सांगितलं की पाहणी नीट झाली तर टँकर वर्षभर चालू राहील, नाहीतर वरून मंजुरी मिळणं अवघड. साहेब वाईट बोलले नाहीत. त्यांनाही कोणीतरी तसंच सांगितलं असणार.

घाटाशी काही जिवंत दिसलं तर बरं, असं सरपंच म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावात मासे म्हटलं की माझंच नाव निघतं.

गणराजने पाच सोडून पाहिले. दोन तास टिकले. तो म्हणतो, टाकीतले टिकवणं मला जमतं, तलावातलं अजिमभाईंनाच जमेल.

सोजरच्या हाताला अजून पट्ट्या आहेत. तिला हंडा उचलता येत नाही, टँकर दारात येतो म्हणून चाललंय.

तर, पंचवीस मासे घेऊन ये. नारंगीच. पाहणी अकराला आहे. किती वाजता सोडायचे ते लिही.

दत्तोबाकाका


भोसरी
१४ मार्च २०२५

काका,

येतो. शनिवारची सुट्टी टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं, खरं सांगितलं, त्यांनी लगेच सही केली.

नऊला सोडू नका. लोक घाई करतील, करू देऊ नका. पिशव्या तशाच बांधलेल्या पाण्यात तरंगत ठेवायच्या, सावलीच्या बाजूला, म्हणजे त्यांना ऊन लागणार नाही. एक जण फाट्यावर उभा करा. गाड्या फाट्यावर वळल्या की त्याने फोन करायचा आणि मग पिशव्या सोडायच्या. फाट्यापासून घाटापर्यंत वीस मिनिटं. पाहुणे घाटावर पाऊण तास थांबतात, फोटो काढतात, मग सावलीत जातात. सावलीत गेले की पुन्हा पाण्याकडे येत नाहीत. खायला काही टाकू नका. भुकेला मासा वर येतो, चांगला दिसतो.

पंचवीस पुरणार नाहीत, चाळीस आणतो. पाहुणे नेहमी उशिरा येतात.

अम्मीला तुमच्याकडे येतोय एवढंच सांगितलं आहे. तिने रिकामा कॅन धुऊन माझ्या पिशवीत ठेवला आहे. तो मी परतताना कुठेतरी नळावर भरून घेईन.

रोजे चालू आहेत. तेव्हा आल्या-आल्या मला पाणी विचारायची वेळ काकींवर येणार नाही.

अजिम